बिल्बाओची फायनल, अमोरिम आणि आपली युनायटेड : आता पुढे काय? (फोरमवरची चर्चा, मे २०२५)

सेंटरहाफ

हरलो. टॉटनहॅम (स्पर्स) १, मँचेस्टर युनायटेड ०. सान मामेसवर युरोपा लीगची फायनल, प्रीमियर लीगमध्ये वाट लागल्यावर अख्खा सीझन या एका मॅचवर लावलेला, आणि नव्वद मिनिटं वर सात मिनिटं इंज्युरी टाइम मिळूनही एक गोल करता आला नाही. समोर कोण, तर लीगमध्ये सतराव्या नंबरची टीम. आणि आपण सोळाव्या.

गोल कसा खाल्ला तेही बघा. ४२ वं मिनिट, डावीकडून पापे सारचा क्रॉस, ब्रेनन जॉन्सन आपल्या डिफेंडरच्या पुढे घुसला, पाय नीट लागलाच नाही त्याचा, बॉल ल्यूक शॉच्या अंगावर आपटून गोलकडे वळला, जॉन्सनने परत पाय घातला आणि आपला गोलकीपर ओनाना हात लांबवेपर्यंत बॉल घरंगळत आत. एखादा जबरदस्त शॉट खाऊन हरलो असतो तर इतकं लागलं नसतं.

या सीझनला स्पर्सशी चार वेळा खेळलो. सप्टेंबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ०-३, लीग कपात ३-४, फेब्रुवारीत ०-१ आणि आता हे. चारही हरलो.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे चर्चेला बरं. मॅनेजर अमोरिमला काढू नये. २०१३ पासून मॉइज, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोलशार, मध्ये काही महिने रांगनिक, मग टेन हाग, प्रत्येकाने आपल्या पद्धतीचे प्लेअर आणले, दोन-अडीच वर्षात तो गेला, पुढच्याला ते प्लेअर नकोत, मग ते पडेल किमतीत विका नाहीतर लोनवर पाठवा. हे किती वेळा करायचं? मॅनेजर बदलून प्रश्न सुटत असता तर एव्हाना सुटला असता.

पेनल्टीबॉक्स

पूर्ण असहमत. भावनेत न जाता आकडे बघू. अमोरिमच्या हाताखाली लीगमध्ये २६ मॅच, ६ विजय, ६ ड्रॉ, १४ पराभव, २४ पॉइंट. सहा विजयांमध्ये एव्हर्टन, सिटी आणि फुलम सोडले तर उरलेले तीन इप्सविच, लेस्टर आणि साउथहॅम्प्टन, म्हणजे रेलिगेट होऊन खालच्या डिव्हिजनला गेलेल्याच तीन टीम. १६ मार्चला लेस्टरला हरवलं त्यानंतर लीगमध्ये एकही मॅच जिंकलेलो नाही. टेन हागला काढलं तेव्हा ९ मॅचमध्ये ११ पॉइंट होते आणि ती कामगिरी लाजिरवाणी म्हणून काढलं. मग ही काय आहे?

मॅनेजर सारखे बदलू नयेत हे तत्त्व म्हणून ठीक, पण प्रत्येक मॅनेजरला टिकवलंच पाहिजे असा त्याचा अर्थ होत नाही. चुकीचा माणूस आणला असेल तर तो जितका जास्त राहील तितकं नुकसान जास्त.

सातनंबरी

मला अजून बोलवत नाहीये खरं तर. शॉचा तो शेवटचा हेडर स्पर्सच्या गोलकीपर विकारियोने काढला ना, तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो.

डावा पाय

फायनल मी आज परत पूर्ण बघितली. बॉल सत्तर टक्क्यांपेक्षा जास्त वेळ आपल्याकडे. स्पर्सचे संपूर्ण मॅचमध्ये तीन शॉट. नुसतं हे वाचलं तर कुणालाही वाटेल की आपण वरचढ होतो आणि नशीब फिरलं. पण बॉल कुठे होता ते बघा. मग्वायर, योरो, शॉ आपापसात पास करतायत, कॅसेमिरो खाली येऊन मागतोय, परत मग्वायरकडे. स्पर्सला हेच हवं होतं.

अमोरिमच्या ३-४-२-१ फॉर्मेशनमध्ये (मागे तीन सेंटरबॅक) रुंदी कोण देतं? फक्त विंगबॅक, म्हणजे कडेने वर-खाली पळणारे दोघं. एका बाजूला डोर्गू, दुसरीकडे मझरावी. डोर्गू २० वर्षांचा, जानेवारीच्या ट्रान्सफर विंडोत आलाय, धावतो भरपूर पण डिफेंडरला एकट्याने चकवून क्रॉस टाकणारा अजून झालेला नाही. मझरावी मुळात सावध फुलबॅक आहे, बॉल मिळाला की आत वळतो. म्हणजे ज्या दोघांच्या जिवावर ही फॉर्मेशन चालते ते दोघेही त्या कामाचे नाहीत. मागे अमोरिमने पोर्तुगालच्या स्पोर्टिंगला १९ वर्षांनी लीग जिंकून दिली तेव्हा उजवीकडे पोरो होता. तोच पेद्रो पोरो जो परवा समोरून खेळत होता.

मग पुढे काय होतं, अमाद आणि माउंट आतल्या बाजूला, जिथे आधीच गर्दी, आणि हॉयलुंड दोन सेंटरबॅकच्या मध्ये गोलकडे पाठ करून उभा. रोमेरो आणि व्हॅन डे व्हेन सारख्यांना पाठीवर घेऊन बॉल धरून ठेवणं हा त्याचा खेळच नाही. त्याला मोकळ्या जागेत पळायला द्या, तो पळेल. पण स्पर्स एक गोल करून खाली आपल्या गोलसमोर बचावाला बसले, मोकळी जागा आणणार कुठून?

सगळ्यात मोठा चान्स कसा आला तेही लक्षात घ्या. ब्रुनोची फ्री किक, विकारियो बाहेर येऊन चुकला, हॉयलुंडचा हेडर रिकाम्या गोलकडे चाललेला आणि व्हॅन डे व्हेनने उलटं हवेत उडून लाइनवरून बॉल काढला. अफाट क्लिअरन्स होता, मान्य. पण तो चान्स त्यांच्या गोलकीपरच्या चुकीतून आला. आपण पासिंग करून, त्यांची फळी फोडून तयार केलेले चान्स किती? मला एका हाताच्या बोटांवरही मोजता आले नाहीत.

मिडफिल्डमावळा

डाव्या पायाशी शंभर टक्के सहमत, फक्त एक भर. मधल्या दोघांचं काय? कॅसेमिरो ३३ चा, आणि ब्रुनो, जो आपला सगळ्यात चांगला क्रिएटर आहे त्याला खाली सहा-आठ नंबरला, म्हणजे बचावाच्या जवळ मधल्या फळीत खेळवलं. म्हणजे जो शेवटचा पास देऊ शकतो तोच हाफलाइनवर. आणि मेनू? ज्या पोराने मागच्या वर्षी मे महिन्यात वेम्बलीवर सिटीविरुद्ध एफए कप फायनलमध्ये गोल केला तो मॅच संपायला आल्यावर आत. गार्नाचोचंही तसंच, तो ७१ व्या मिनिटाला आत. दोघेही त्या फायनलचे गोलस्कोरर. आपल्या अकादमीची पोरं मोठ्या मॅचला घाबरत नाहीत हे दिसलेलं असताना त्यांना बसवून माउंटला सुरुवात द्यायची हे मला झेपलं नाही.

सेंटरहाफ

@मिडफिल्डमावळा, माउंटला का घेतलं हे तसं स्पष्ट आहे. सेमीफायनलला ॲथलेटिक बिल्बाओविरुद्ध ओल्ड ट्रॅफर्डवर उतरून त्याने दोन गोल केले, दुसरा तर हाफलाइनच्या जवळून. आणि बॉल नसताना तो प्रेस करतो, गार्नाचो करत नाही. फॉर्मात असलेला माणूस खेळवला म्हणून मॅनेजरला दोष कसा द्यायचा?

मॅच झाल्यावर गार्नाचो जे बोलला, की फायनलपर्यंत प्रत्येक राउंडला खेळलो आणि आज वीस मिनिटं दिली, ते मला आवडलं नाही. राग समजू शकतो, पण टीम फायनल हरलीये, कॅप्टन मैदानावर उभा राहून एकेकाला उठवतोय आणि हा आपल्या मिनिटांचा हिशेब मांडतोय.

सातनंबरी

वीस वर्षांचा आहे तो. फायनल हरल्यावर अर्ध्या तासात कुणी माइक पुढे धरला तर शहाणपणाचं बोलणं अवघड आहे. आणि विकारियोला थोडंफार काम लावलं ते त्यानेच, आल्या आल्या डावीकडून आत येऊन शॉट मारला होता. पाउण तास आधी आणला असता तर?

लिलीव्हाइट

मी स्पर्सवाला. तुमच्या जखमेवर मीठ चोळायला आलेलो नाही, एक गोष्ट सांगायची होती.

आम्ही २००८ च्या लीग कपनंतर काही जिंकलं नव्हतं, युरोपात तर १९८४ नंतर. आमचा कॅप्टन सोन २०१५ ला आमच्याकडे आला, त्याच्या हातात कप बघून काय वाटलं ते लिहून सांगता येणार नाही. लीगमध्ये आमची अवस्था तुमच्यापेक्षा वाईट आहे. आणि फायनलला मॅडिसन, कुलुसेव्हस्की, बर्गवाल तिघेही इंज्युर्ड, म्हणजे क्रिएटिव्ह मिडफिल्ड शिल्लकच नव्हतं.

आमचा मॅनेजर पोस्टेकोग्लू म्हणजे हाय लाइन (डिफेन्स पार वर उभा), काही झालं तरी पुढे जाऊन खेळायचं, त्यासाठी दोन वर्षं आम्ही त्याला शिव्या घातल्या. आणि त्याच माणसाने फायनलला काय केलं? खाली बसला. जॉन्सनला काढून डान्सोला आणला, पाच डिफेंडर लावले आणि बॉल तुम्हाला देऊन टाकला. हातात जे प्लेअर आहेत त्यांना काय जमेल हे ओळखून त्याने स्वतःची आवडती पद्धत एका रात्रीपुरती बाजूला ठेवली. तुमचा मॅनेजर ते करायला तयार नाही असं बाहेरून बघणाऱ्याला तरी दिसतं.

पेनल्टीबॉक्स

अभिनंदन लिलीव्हाइट, मनापासून. सोनसाठी आनंद झाला. आणि मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. नोव्हेंबरमध्ये अर्ध्या सीझनला येऊन, प्री-सीझन नाही, ट्रेनिंगला दिवस नाहीत, तरी पहिल्या दिवसापासून तीन सेंटरबॅकचाच हट्ट. टीम चार डिफेंडरच्या हिशेबाने बांधलेली. जानेवारीत ब्रायटनने ओल्ड ट्रॅफर्डवर येऊन ३-१ हरवलं तेव्हा हा स्वतःच म्हणाला की क्लबच्या इतिहासातली बहुधा सगळ्यात वाईट टीम आहे ही. अरे मग त्या टीमला जमेल असं काहीतरी खेळव की.

डावा पाय

इथे मी अमोरिमची बाजू घेईन थोडी. त्याला सीझन संपल्यावर यायचं होतं, क्लब म्हणाला आत्ता ये नाहीतर नको. स्पोर्टिंग तेव्हा भन्नाट खेळत होती, निघता निघता सिटीला ४-१ हाणलं होतं. ज्यांनी मुलाखती घेऊन त्याला निवडलं त्यांना तो तीन डिफेंडरने खेळतो हे माहीतच होतं. तो लपवून काही आला नाही. पद्धत मान्य होती म्हणून आणलं ना? मग आता पद्धतीवरूनच काढायचं म्हणजे निवड करणाऱ्यांनी काय बघून निवडलं हा प्रश्न उरतोच.

जुना लाल

बरीच पानं वाचली. मधे कुणीतरी फर्गीचं (आपले जुने मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन) नाव काढणारच म्हणून आधीच लिहितो.

फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ ला आले. १९८९-९० ला आपण लीगमध्ये तेरावे आलो. सिटीकडून ५-१ मार खाल्ला, प्रेक्षकांमध्ये 'तीन वर्षं झाली नुसत्या सबबी' अशा अर्थाचा बॅनर झळकला, जानेवारी १९९० मध्ये फॉरेस्टविरुद्ध एफए कपात मार्क रॉबिन्सचा गोल झाला, तिथून पुढे तो कप जिंकला, १९९१ ला कप विनर्स कप, आणि १९९३ ला २६ वर्षांनी लीग. ही गोष्ट आपण सगळे पाठ म्हणून दाखवू शकतो. आणि २०१३ नंतर आलेल्या प्रत्येक मॅनेजरला वाचवायला ती वापरली गेलीये.

पण त्या गोष्टीतला महत्त्वाचा भाग सांगायचा राहून जातो. त्या पडत्या वर्षांत फर्गी बसून नव्हते. दारूच्या आहारी गेलेली ड्रेसिंग रूम मोडून काढली, स्काउटिंगची फळी वाढवली, अकादमी नव्याने उभी केली, गिग्जला चौदाव्या वर्षी घरी जाऊन साइन केलं. बोर्डाला रिझल्ट दिसत नव्हते पण काम दिसत होतं, म्हणून त्यांनी धीर धरला. आंधळेपणाने नाही धरला.

म्हणून अमोरिमबद्दल माझा प्रश्न एवढाच आहे, की रिझल्टच्या खाली काम दिसतंय का? मला थोडं दिसतं. अमाद त्याच्याकडे खुलला. डोर्गू आणि १८ वर्षांचा हेवन आणले, दोन्ही पुढचा विचार करून. पत्रकारांशी खरं बोलतो, प्लेअरच्या मागे लपत नाही. फायनलनंतर म्हणाला की बोर्डाला आणि फॅन्सना मी नको असेन तर दुसऱ्या दिवशी एक पैसा भरपाई न मागता जाईन. असं बोलणारा माणूस सध्या दुर्मिळ आहे. पण मैदानावर, आठवड्यामागून आठवडे काहीतरी घडत चाललंय असं दिसलं नाही हे पेनल्टीबॉक्सचं म्हणणं मला खोडता येत नाही. एप्रिलची टीम डिसेंबरच्या टीमपेक्षा चांगली नव्हती.

पेनल्टीबॉक्स

जुना लाल, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. फक्त एवढं म्हणेन की १९७४ ला रेलिगेट झालो त्यानंतर इतक्या खाली आपण कधीच आलेलो नाही. फर्गींच्या सगळ्यात वाईट वर्षापेक्षाही हे खाली आहे.

एक्स्ट्रा टाइम

माझं युरोपा लीगच्या क्वार्टरफायनलमधल्या लिऑनच्या मॅचबद्दल थोडं. एप्रिलमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर एक्स्ट्रा टाइममध्ये ४-२ मागे, दोन्ही लेग मिळून ६-४, त्यांचा तोलिसो रेड कार्ड घेऊन आधीच बाहेर, लोक उठून चाललेले, आणि ११४ व्या मिनिटापासून ब्रुनोची पेनल्टी, मेनू, आणि १२१ व्या मिनिटाला मग्वायरचा हेडर, ५-४. ती रात्र आयुष्यभर लक्षात राहील, त्याबद्दल वादच नाही. पण त्या रात्रीने आपल्या सगळ्यांच्या डोळ्यावर पट्टी बांधली. आपण कसे जिंकलो? मग्वायरला सेंटर फॉरवर्ड करून उंच बॉल टाकून. आणि फायनलला शेवटी काय केलं? तेच, मग्वायर पुढे. म्हणजे ज्या क्लबने एका स्ट्रायकरला ६.४ कोटी पाउंड आणि वर ॲडऑन मोजले, दुसरा झिर्कझी आणला, त्यांचा शेवटचा उपाय सेंटरबॅक. हॉयलुंडचे लीगमध्ये चार गोल आहेत. चार.

त्या पोराला मी दोष देत नाही. २२ वर्षांचा आहे, इटलीतल्या अटालांटा क्लबात एकच सीझन धड खेळला होता, त्याला अनुभवी स्ट्रायकरच्या हाताखाली दोन वर्षं शिकू द्यायचं होतं. आपण पहिल्याच दिवशी नऊ नंबरचं (मुख्य स्ट्रायकरचं) सगळं ओझं त्याच्या खांद्यावर दिलं.

मिडफिल्डमावळा

काल नापोली इटलीत चॅम्पियन झाली. शेवटच्या मॅचला कॅग्लियारीविरुद्ध पहिला गोल मॅकटॉमिने, हवेत आडवं होऊन सिझर किक, दुसरा गोल लुकाकू. दोघे आपलेच. मॅकटॉमिनेला सेरी आचा सीझनमधला सर्वोत्तम प्लेअर निवडलं. लीगमध्ये बारा गोल, मिडफिल्डर असून.

पाच वर्षांचा असल्यापासून आपल्या अकादमीत वाढलेला मुलगा. आपण त्याला विकला कारण घरचा प्लेअर विकला की सगळे पैसे नफा म्हणून दाखवता येतात आणि खर्चाच्या नियमात बसता येतं. त्याच वेळी उगार्तेला आणला, जो वाईट नाही पण सहा नंबरच्या पुढे जात नाही. गोल करणारा मिडफिल्डर देऊन गोल न करणारा मिडफिल्डर घेतला, आणि सीझनभर आपल्याला गोल होईनात. ३७ मॅचमध्ये ४२ गोल! अँटनी स्पेनमधल्या बेटिसला जाऊन कॉन्फरन्स लीगच्या फायनलला पोचला. इथून गेलेला प्रत्येक जण सहा महिन्यात माणसात येतो, हा काय योगायोग आहे? प्लेअर वाईट असते तर बाहेरही वाईट खेळले असते.

सेंटरहाफ

हाच तर माझा मूळ मुद्दा होता, की रोग मॅनेजरच्या वर आहे. सहमालक म्हणून रॅटक्लिफ आले तेव्हा वाटलं की आता फुटबॉल कळणारी माणसं निर्णय घेतील. झालं काय? मागच्या मे मध्ये टेन हागला काढायचं जवळजवळ ठरलेलं, एफए कप फायनल जिंकली म्हणून विचार बदलला, जुलैत कॉन्ट्रॅक्ट २०२६ पर्यंत वाढवलं, त्याच्या सांगण्यावरून प्लेअर घेतले आणि ऑक्टोबरच्या २८ तारखेला काढून टाकलं. स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून ॲशवर्थला न्यूकॅसलकडून इतका खटाटोप करून आणलं, पाच महिन्यात तोही गेला. दुसरीकडे पैसे वाचवायचे म्हणून आधी २५० लोकांच्या नोकऱ्या, मग आणखी दोनशेपर्यंत. सीझन चालू असताना मेंबर तिकीट सरसकट ६६ पाउंड, लहान मुलं आणि म्हातारे यांना सवलत नाही. ज्यांच्यामुळे स्टेडियम भरतं त्यांच्या खिशातून किती निघणार? एक चुकीचं कॉन्ट्रॅक्ट वाचवलं असतं तर त्याहून जास्त वाचलं असतं.

आणि म्हणूनच मागच्या वर्षी एक फायनल जिंकली म्हणून टेन हागला ठेवणं जितकं चूक, तितकंच यंदा एक फायनल हरली म्हणून अमोरिमला काढणं चूक. एका मॅचवर असे निर्णय घ्यायचेच नसतात.

पेनल्टीबॉक्स

एका मॅचवर कोण म्हणतंय? मी २६ मॅचवर म्हणतोय.

ऑफसाइडची आई

सगळे मॅनेजरवर भांडताय, ब्रुनोबद्दल कुणीच काळजीने लिहीत नाहीये. फायनल संपल्यावर तो सरळ म्हणाला की क्लबला वाटत असेल की आता वेगळं व्हायची वेळ आली आणि पैसे करायचे आहेत, तर मी जाईन. सौदीतून अल हिलालचं नाव येतंय. सीझनभर या एकाच माणसाने टीम ओढलीये. सोसिएदादविरुद्ध हॅट-ट्रिक, बिल्बाओमध्ये सेमीफायनलला दोन गोल, लिऑनला ती पेनल्टी. इंज्युरी नाही, विश्रांती नाही, कधी या जागेवर तर कधी त्या. तो गेला तर अमोरिम राहो नाहीतर देव येवो, रेलिगेशनला सामोरे जाऊ हे माझं स्पष्ट मत.

मी पूर्वी त्याच्यावर खूप चिडायचे, हात हवेत उडवत रेफरीकडे पळायचा म्हणून. आता वाटतं की ज्याला हरण्याचं इतकं दुःख होतं असा ड्रेसिंग रूममध्ये निदान एक तरी माणूस आहे.

डावा पाय

ताई, भावना समजते आणि विकू नये हे मलाही वाटतं. पण प्रश्न त्याला कुठे खेळवणार हा आहे. मधल्या दोघांत खेळवला तर प्रतिस्पर्धी काउंटरला त्याच्या मागून सरळ आत घुसतात, पुढच्या दोघांत खेळवला तर खाली बॉल पुढे नेणारा उरत नाही. चार जणांचं मिडफिल्ड असेल तर हा प्रश्न येत नाही. म्हणून फिरून फिरून फॉर्मेशनवरच येतो मी. तीन सेंटरबॅक ठेवा, हरकत नाही, पण मग त्यातला एक बॉल घेऊन मिडफिल्डमध्ये घुसणारा पाहिजे. ते काम लिसांद्रो मार्टिनेझ करायचा, फेब्रुवारीत गुडघा गेला आणि ती वाटच बंद झाली. त्यानंतरचे रिझल्ट नीट बघा, मग लक्षात येईल.

ऑफसाइडची आई

मार्टिनेझचा मुद्दा पटला. यावर खरंच कुणी बोलत नाही.

सातनंबरी

सीझनची शेवटची मॅच बघितली का? ॲस्टन व्हिलाविरुद्ध २-०. अमादचा हेडर, ब्रुनोच्याच क्रॉसवर, मग एरिक्सनची जाताजाता पेनल्टी. त्यांचा एमी मार्टिनेझ हाफटाइमच्या आधीच रेड कार्ड घेऊन गेला आणि मॉर्गन रॉजर्सचा गोल रेफरीने घाईत शिट्टी वाजवल्यामुळे गेला, त्यामुळे फार हुरळून जाण्यात अर्थ नाही. एकूण पंधरावे, ४२ पॉइंट. पुढच्या वर्षी युरोप नाही, २०१४-१५ नंतर पहिल्यांदा.

मॅचनंतर अमोरिमने माइक घेऊन सीझनबद्दल सगळ्यांची माफी मागितली, आणि म्हणाला चांगले दिवस येणार आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बू झालं नाही. घरच्या लोकांनी त्याला अजून सोडलेलं नाही हे खरं.

जुना लाल

टाळ्या मीही वाजवल्या असत्या. पंधराव्या नंबरला येऊन मैदानाच्या मध्ये उभं राहून बोलायला हिंमत लागते.

पेनल्टीबॉक्स

ठीक आहे. तो राहतोय असं आता जवळपास नक्की दिसतंय, तर मी काय बघणार आहे ते लिहून ठेवतो म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की ऑगस्टपासूनच याच्या मागे लागला.

युरोप नाही म्हणजे मिडवीक मॅच फारशा नाहीत, लीग कप सोडला तर. अख्खा आठवडा ट्रेनिंगला. 'वेळच मिळाला नाही' हे कारण संपलं. प्री-सीझन पूर्ण मिळेल. वुल्व्हजच्या फॉरवर्ड कुन्याचं नाव जोरात आहे, ६.२५ कोटी पाउंडचा रिलीज क्लॉज आहे, तो आला तर पुढच्या दोघांपैकी एक जागा सुटली. त्याखेरीज मला एक खरा नऊ नंबर हवा आणि एक गोलकीपर. ओनानाने फायनलला फार काही चुकवलं नाही हे मान्य, पण लिऑनमध्ये पहिल्या लेगला दोन्ही गोल त्याच्या खात्यावर होते, आणि बचाव करणाऱ्यांचा त्याच्यावर भरवसा नाही हे त्यांच्या उभं राहण्यावरून कळतं.

आणि मग पहिल्या दहा मॅचमध्ये मी पॉइंट मोजणार नाही. एकच गोष्ट बघणार, बॉल गेला की समोरची टीम आपल्या मिडफिल्डमधून आत्तासारखीच आरामात धावत येते का. येत असेल तर माणूस बदला, दया नको. येत नसेल तर पॉइंट कमी असले तरी मी गप्प बसेन.

सेंटरहाफ

हे मला मान्य आहे. पण त्यात मेनूचं नाव नाही घेतलंत. या समरला अमोरिम त्याचं काय करतो त्यावर माझं अर्धं मत ठरेल. ऑक्टोबर १९३७ पासून आपल्या प्रत्येक मॅचच्या स्क्वॉडमध्ये अकादमीतला निदान एक तरी प्लेअर आहे. मॅकटॉमिनेसारखा हाही नफा दाखवायला विकला तर मग मॅनेजर कुणीही असो, मला नाही बोलायचं.

मिडफिल्डमावळा

मेनूला हात लावला तर मी पहिला तुमच्या बाजूने उभा. गोलकीपर मात्र आधी घ्या, स्ट्रायकर नंतर.

एक्स्ट्रा टाइम

नाही नाही, स्ट्रायकर आधी. ३८ मॅचमध्ये ४४ गोल झालेत. गोलकीपर कितीही चांगला आणा, ०-० ला एकच पॉइंट मिळतो.